शेगडीची चूल करणारे साळुंखे

धुराच्या वासावरून लाकडाची जात सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातून सकाळचं चालताना साळुंखे मध्येच थांबत, नाक वर करत आणि जाहीर करत, "बाभूळ. ओली. आणि त्यात कोणीतरी आंब्याच्या पेटीची फळी सारली आहे." मग धूर ज्या घरातून येत असेल त्या घराकडे अशा नजरेने बघत, की आतली बाई दारात आलीच तर तिला वाटावं, आपल्या हातून काही गुन्हा घडला आहे. एकदा तर त्यांनी एका अनोळखी दाराची कडी वाजवून विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?" आतून उत्तर आलं, "नाही." "मग इतका धूर कशाला करून राहिलात? आता पडेल ना कोणीतरी!" मी शेजारीच उभी होते. मी पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि जणू आपला काही संबंध नाही अशी पुढे चालू लागले.

त्याच बाजारात एक हलवाई होता. त्याच्या भट्टीची ज्वाळा कढईच्या बाहेरून वर जायची, आणि ती वाया जाणारी ज्वाळा साळुंख्यांना बघवत नसे. "भैया, तू जलेबी तल रहा है या आसमान?" असं ते त्याला रोज विचारत. कढई थोडी खाली घे, तोंड लहान कर, अर्ध्या लाकडात काम होईल, असं त्यांनी त्याला खडूने जमिनीवर चित्र काढून समजावलं. हलवायाने चित्रावर पाणी ओतलं. पुढे साळुंख्यांचं ऐकून त्याचा फायदा झाला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्याने त्यांचं कधीच ऐकलं नाही, आणि तरी त्याचा धंदा उत्तम चालला. जिलबी चांगली होती.

साळुंखे आमच्याकडे आले ते एका सरकारी कागदाबरोबर. मी तेव्हा ग्वाल्हेरला, लष्कर भागात, मुलींच्या एका बोर्डिंगची सुपरिंटेंडेंट होते. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं, आणि ग्वाल्हेर, इंदूर आणि आणखी कितीतरी लहानमोठ्या संस्थानांचे कारकून, शिपाई, बँडवाले आणि माहूत एका पंगतीला येऊन बसले. राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. कुठलाही कागद हवा असला की तो दुसऱ्या गावी गेलेला असायचा.

संस्थानच्या फौजेतले काही लोक मोठ्या फौजेत गेले, काही घरी बसले. जे मधल्यामध्ये उरले, त्यांच्या कागदावर 'सरप्लस' असा शिक्का बसला. साळुंखे फौजेच्या कारखान्यात हवालदार होते. लोहारकाम आणि लंगराच्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकाच्या, भट्ट्या त्यांच्याकडे असत. लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन, पावसात भिजलेल्या बांबूवर शेकडो माणसांचा भात शिजवून आलेला हा माणूस. वय पंचेचाळीसच्या घरात, म्हणून नव्या फौजेला नको झाला. त्यांना कुठेतरी बसवायचं म्हणून मुलींच्या बोर्डिंगच्या कोठीवर नेमलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर टाचा जुळवून खाडकन सलाम ठोकला. मी सत्तावीस वर्षांची, नवी कोरी बी.टी. झालेली. सलामाला काय उत्तर द्यायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी घाबरून नमस्कार केला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "चालेल."

आमच्या बोर्डिंगात पंचेचाळीस मुली होत्या. भिंड, शिवपुरी, गुना, श्योपूर अशा ठिकाणांहून आलेल्या. कोणाचे वडील पटवारी, कोणाचे मास्तर, कोणाचे एखाद्या देवळातले पुजारी. निम्म्या मराठी घरांतल्या, निम्म्या हिंदी. भांडण मात्र सगळ्या हिंदीतच करत. बोर्डिंगात दोन्ही वेळचं जेवण मिळतं, एवढ्या एका भरवशावर त्यांच्या आयांनी त्यांना इथे ठेवलं होतं. जेवण बंद म्हणजे मुलगी घरी, आणि घरी गेलेल्या मुलीचं दोन महिन्यांत लग्न. हे मी फुगवून सांगत नाही. माझ्यासमोर तीन मुली अशा गेल्या होत्या आणि त्यातली एक गणितात माझ्यापेक्षा हुशार होती.

आणि आता जेवणच बंद व्हायची पाळी आली होती. कारण शेगडी.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून एक भलीमोठी लोखंडी विलायती शेगडी होती, दगडी कोळशावर चालणारी. संस्थानच्या कुठल्याशा पाहुणेघरातून ती जुनी झाल्यावर आमच्याकडे आली होती. वर चार मोठी भांडी राहत आणि धूर मागच्या धुराड्यातून थेट छपरावर जाई. संस्थानच्या दिवसांत कोळसा डेपोतून आपोआप यायचा. नव्या राज्यात कोळसा फक्त कारखान्यांना मिळेल असं ठरलं, आणि आम्हाला पंधरा दिवसांना एक गाडी लाकूड मंजूर झालं. साध्या मातीच्या चुली मांडायची सोय नव्हती. खोलीला धुराड्याशिवाय वाटच नव्हती, आणि बरोबर वरच्या मजल्यावर मुली झोपत.

कोळशाच्या शेगडीत लाकूड घातलं तर काय होतं ते आम्ही पाहिलं. पहिली गाडी सहाव्या दिवशी संपली. शेगडी लाकडं गिळायची, धुराडं लाल व्हायचं, आणि तव्यावरची पोळी पांढरीच्या पांढरी. उरलेले नऊ दिवस मी ओळखीच्या घरांतून लाकडं मागून आणली. मुरारला माझी मावशी होती, तिच्या परसातला वाळका लिंबसुद्धा आम्ही जाळला. खात्याला कळवलं तेव्हा उलट पत्र आलं, की लाकूड पंधरा दिवस पुरत नसेल तर स्वयंपाकघर बंद करावं आणि मुलींनी नातेवाइकांकडे जेवावं. भिंडच्या पटवाऱ्याच्या मुलीने ग्वाल्हेरात कुठला नातेवाईक शोधायचा?

मी ते पत्र साळुंख्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "ह्यांना शेगडी कशी जळते ते माहीत आहे का?"

"नसावं," मी म्हटलं.

"मला पण माहीत नाही. पाहावं लागेल."

मग पुढचे तीन दिवस साळुंखे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पालथे पडून शेगडीच्या पोटात बघत होते. उंबऱ्यावर, कारण आत जायची परवानगी नव्हती. आमच्या स्वयंपाकीणबाई वेणूबाई, साठीला टेकलेल्या, सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या. विस्तव पेटलेला असताना स्वयंपाकघरात इतर कोणाचं पाऊल पडायचं नाही, माझंसुद्धा नाही. दुपारी एक ते चार त्या सोवळं सोडून पडायच्या, तेवढ्या वेळात काय ती दुरुस्ती करा, असा करार झाला. पण दुपारी शेगडी विझलेली. विझलेल्या शेगडीत काय बघणार? म्हणून साळुंखे उंबऱ्यावर पालथे.

"बाई, हा माणूस मेला की जिवंत आहे ते एकदा बघून घ्या," वेणूबाई मला ओरडून सांगायच्या.

"जिवंत आहे," जमिनीवरून उत्तर यायचं. "तुम्ही फुंकू नका. फुंकून राहिलात म्हणून मला काही दिसत नाही."

तिसऱ्या दिवशी ते उठले, खाकी चड्डीची धूळ झटकली, आणि मला अंगणात बोलावून फरशीवर खडूने शेगडी काढून दाखवली. आजवर मी विज्ञानाचे पुष्कळ तास घेतले आहेत, पण इतका सरळ धडा मला कधी देता आला नाही.

"समजून घ्या, बाईसाहेब. कोळसा पायातून श्वास घेतो आणि लाकूड तोंडातून. ही शेगडी कोळशासाठी केलेली आहे. खाली मोठी जाळी, खालून हवा. कोळसा त्या हवेवर आरामात लाल होतो. लाकडाला खालून इतकी हवा दिली की ते वेडं होऊन जळतं. आणि त्याची खरी ताकद आहे ज्वाळेत. त्या ज्वाळेला वरून हवा पाहिजे, ती इथे मिळतच नाही. मग अर्धी ज्वाळा धूर होऊन जाते, अर्धी सरळ धुराड्यात. आपण पूर्ण लष्करचं आकाश गरम करून राहिलो आहोत."

"मग काय करायचं?"

"शेगडीची चूल करायची. अंग लोखंडाचं राहील, पोट बदलायचं."

गावातच हजीरा भागात एक बंद पडलेली भट्टी होती, तिथून त्यांनी पक्क्या विटा आणल्या. दुपारी एक ते चार, रोज. आधी जाळीचा दोन तृतीयांश भाग लोखंडी पत्र्याने झाकला. मग आतून विटा लावून पोट अरुंद केलं. पुढचं गंजलेलं दार काढून टाकलं आणि त्याजागी विटामातीचं तोंड बांधलं, आणि त्या तोंडाच्या वर बोटभर जाडीची अकरा भोकं ठेवली. ज्वाळेला वरून हवा मिळावी म्हणून. वरच्या तव्यांच्या खाली एक आडवा पत्रा असा बसवला, की ज्वाळेला सरळ धुराड्यात पळता येऊ नये, चारी भांड्यांखालून फिरूनच जावं लागावं. शेवटी धुराड्यात एक झडप.

पहिला प्रयोग सपशेल फसला. पोट फार अरुंद झालं होतं. त्या रात्री मुली दहा वाजता कच्चं पिठलं जेवल्या आणि साळुंखे अंगणात पाठमोरे बसून राहिले. मी समजूत घालायला गेले तर म्हणाले, "माफ करा, बाईसाहेब, आता बोलू नका. मी विटा मोजून राहिलो आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन विटा काढल्या.

पण खरी गंमत पुढे होती. दुपारी बांधलेलं काम सकाळी पेटलेलं असताना तपासायचं, आणि पेटलेलं असताना आत जायचं नाही. मग साळुंखे उंबऱ्यावर उभे राहून हुकूम सोडत आणि वेणूबाई ते अमलात आणत.

"झडप दोन बोटं बंद!"

"किती बोटं? माझी की तुमची?"

"तुमची! लाकूड पुढे ढकला. पूर्ण नाही! बस!"

"मला काय तोफखान्यात भरती केलं आहे का?"

"केलं असतं तर जपानी आधीच पळाले असते," साळुंखे म्हणत, आणि वरच्या गॅलरीत दात घासत उभ्या असलेल्या मुली खिदळत. आठ दिवसांत वेणूबाईंचा हात इतका बसला, की साळुंख्यांनी तोंड उघडायच्या आत झडप फिरलेली असायची. पण वेणूबाईंना मनातून खरा आनंद झाला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. ती लोखंडी शेगडी त्यांना पहिल्यापासून परकी वाटायची. तिला सारवता येत नाही, पोतेरं फिरवता येत नाही, ती कसली चूल! आता तिला विटामातीचं तोंड आलं होतं. पहिल्याच संध्याकाळी त्या शेणमातीचं पोतेरं घेऊन पुढे झाल्या, तेव्हा साळुंखे उंबऱ्यावरून ओरडले, "हात लावू नका! माती कच्ची आहे. पंधरा दिवस पाण्याचा थेंब नको. आणि राख पूर्ण काढायची नाही, दोन बोटं आत राहू द्यायची. लाकडाला राखेची गादी लागते."

"शिळी राख चुलीत?"

"पंधरा दिवस," साळुंखे म्हणाले.

"बरं. पंधरा दिवस," वेणूबाई म्हणाल्या.

मी खात्याला लिहिलं, की लाकूड पुरतं, येऊन पाहा. इंदूरचे एक इन्स्पेक्टरसाहेब येणार असं उत्तर आलं. नवी गाडी आली त्या दिवसापासून सोळाव्या दिवशी सकाळी ते येणार होते, म्हणजे पंधरा दिवस पुरे झाले की नाहीत ते डोळ्यांनी बघता येईल. गाडी आली त्याच दिवशी साळुंख्यांनी चुलीच्या तोंडाला नव्या मातीचा हात दिला, आणि वेणूबाईंचे पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. लाकडं त्यांनी वीतवीत तोडून, चिरून, गच्चीवर उन्हात वाळवली. मुलींनी पाळ्या लावून ती खाली-वर नेली. पंधराव्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यात अजून दोन दिवसांची चळत शिल्लक होती. ती बघून मला त्या रात्री कित्येक महिन्यांनंतर शांत झोप लागली.

सकाळी साहेब आले. गोरे, गोल, गळाबंद कोटातले, बरोबर एक चपराशी. लाकडाची चळत पाहून त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "चलिए, चूल्हा भी देख लें. सुना है बड़ा करिश्मा है."

आम्ही स्वयंपाकघराच्या दारात गेलो. खोली धुराने भरली होती. शेगडीच्या तोंडातून काळाभोर धूर लोळत बाहेर येत होता आणि त्यात कुठेतरी वेणूबाई खोकत होत्या. वरच्या मजल्यावरून मुली नाकाला पदर लावून जिन्याने खाली धावल्या. साहेबांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

"ये क्या तमाशा है?" ते म्हणाले. "ये करिश्मा है? बच्चियों को मारोगे? बंद कीजिए ये सब. मैं आज ही लिख देता हूँ."

साळुंखे उंबऱ्यावर पालथे पडले. धूर जमिनीपासून हातभर वर होता, खालून दिसत होतं. मग मला त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हलका.

"वेणूबाई, तुम्ही पोतेरं फिरवलंत?"

"फिरवलं तर!" खोकल्यातून उत्तर आलं. "काल पंधरा दिवस झाले. आज एवढे साहेब येणार, पाहुण्यासमोर चूल पारोशी ठेवू? राखपण सगळी काढली. लख्ख केली."

लख्खच केली होती. शेणमातीचा चांगला जाड हात दिला होता, आणि त्या हाताखाली अकराच्या अकरा भोकं लिंपून गेली होती. वर दोन ओळी रांगोळीसुद्धा होती.

साहेब चपराशाला कागद मागत होते. ह्या क्षणी साळुंखे वेणूबाईंवर ओरडले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. पण ते उठले, साहेबांसमोर टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "साहब, गलती मेरी है. बाई को मैंने ही पंद्रह दिन का हुकुम दिया था. सोलहवें दिन का दिया ही नहीं. पाँच मिनट दीजिए. फिर जो लिखना है लिखिए."

का कोण जाणे, साहेबांनी हात थांबवला.

आता प्रश्न असा, की विस्तव पेटलेला आणि साळुंख्यांना आत जायचं नाही. ते उंबऱ्यावर थांबले, एक पाय आत टाकायला उचलला आणि तसाच मागे घेतला. मागे वळून मुलींना म्हणाले, "विणायची सुई! कोणाकडे आहे?" सहा सुया पुढे आल्या. त्यातली एक त्यांनी जमिनीवरून आत सरकवली.

"वेणूबाई. तोंडाच्या वर, डावीकडून पहिलं. खुपसा."

"दिसत नाही हो मला!"

"दिसायची गरज नाही. तोंडाच्या कडेपासून चार बोटं वर. तुमची बोटं. खुपसा. हां. आता दोन बोटं उजवीकडे."

एकेक करत अकरा भोकं. वेणूबाई खोकत होत्या, रडत होत्या, आणि सुई चालवत होत्या. सहाव्या भोकाला धुराचा रंग पांढरा झाला. नवव्याला आत काहीतरी भक्कन झालं आणि ज्वाळा आडव्या पत्र्याखाली पसरली. अकराव्यानंतर तोंडातून बाहेर येणारा धूर आत ओढला गेला. पाच नाही, पंधरा मिनिटं लागली असतील. खोली निवळली तेव्हा वेणूबाई शेगडीसमोर बसलेल्या दिसल्या, तोंड काजळीने काळं आणि हातात सुई.

साहेबांनी रुमालाने डोळे पुसले आणि छपराकडे जाऊन धुराडं पाहून आले. परत आल्यावर म्हणाले, "धुआँ तो सचमुच नहीं है." मग त्यांनी जे काही विचारलं त्याची साळुंख्यांनी खडूने चित्रं काढून उत्तरं दिली. साहेब उकिडवे बसून ऐकत राहिले. जेवूनच गेले. स्वयंपाकघर चालू ठेवावं असं त्यांनी लिहिलं, आणि खाली एक ओळ जोडली, की पाहणीच्या दिवशी चूल सारवू नये.

साहेब गेल्यावर वेणूबाईंनी चार दिवस अबोला धरला. साळुंख्यांवर राग नव्हता. मुलींचं जेवण आपल्या हातून बंद होणार होतं, हे त्यांच्या मनातून जाईना. पाचव्या दिवशी साळुंखेच उंबऱ्याशी गेले. "चुलीला बाहेरून रोज सारवा," म्हणाले. "माझी हरकत नाही. फक्त ती भोकं जगली पाहिजेत." वेणूबाईंनी विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहतो तर सारवलेल्या चुलीवर अकरा भोकं मोकळी, आणि प्रत्येक भोकाच्या वर हळदीकुंकवाचं एकेक बोट. ज्याला कुंकू लावलं त्यावर पोतेरं फिरवायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. साळुंख्यांनी उंबऱ्यावरून अकराही भोकं मोजली. "फौजेत हे सुचलं नसतं," ते म्हणाले.

त्यानंतर पुष्कळ वर्षं आमचं स्वयंपाकघर सुखाने चाललं. साळुंखे कोठी सांभाळत, लाकूड वाळवत, आणि दर रविवारी मुलींना अंगणात ओळीने उभं करून मला विनाकारण सलाम करायला लावत. त्यांचं लग्न झालेलं होतं, बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. हे मला एका मुलीकडून कळलं. ते स्वतःबद्दल बोलत नसत. विचारलं तर म्हणत, "आमचे पणजोबा तोफ ओढत दख्खनहून इथे आले. तेव्हापासून आम्ही ग्वाल्हेरच्या बाहेर नोकरी केली नाही. लढाई सोडून."

मग मध्य भारतही मोडला. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या ट्रकांत भरल्या जाऊ लागल्या. आम्हाला हुकूम आला, की बोर्डिंगकडच्या दोन जागांपैकी, म्हणजे कोठी आणि स्वयंपाक ह्यांपैकी, एक जागा भोपाळच्या कचेरीत वर्ग करायची. माणसाचं नाव सुपरिंटेंडेंटने आठ दिवसांत कळवावं. वेणूबाई आता पासष्टीच्या पुढे गेल्या होत्या, त्यांना भोपाळ कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नव्हतं. त्या गेल्या तर चूल कोण सांभाळणार? चूल साळुंख्यांना कळत होती, पण तिच्यावर स्वयंपाक करणं फक्त वेणूबाईंनाच जमत होतं. आणि साळुंख्यांना ग्वाल्हेरबाहेर पाठवायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. सात दिवस मी तो कागद टेबलाच्या खणात ठेवून दिला.

आठव्या दिवशी खण उघडला तर कागद भरलेला होता. साळुंख्यांचं गोल, शाळकरी अक्षर. नाव, वय, आणि 'स्वखुशीने' असा शब्द. मी कागद हातात घेऊन त्यांच्याकडे गेले.

"हे काय आहे?"

"तुमचा कागद. खाली सही करा."

"साळुंखे, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही."

"विचारलं असतं तर तुम्ही आणखी आठ दिवस घेतले असते." मग हसून म्हणाले, "बाईसाहेब, वेणूबाईंना भोपाळला पाठवलं तर भोपाळचं काय होईल, विचार करा. नवी राजधानी आहे. समजून घ्या."

मी सही केली. खरं सांगायचं तर सही करताना मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची मला आजही लाज वाटते. वेणूबाईंना हे सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. सांगितलंत तर भाजीत मीठ जास्त पडेल, म्हणाले. मी ते पाळलं. वेणूबाईंची समजूत शेवटपर्यंत अशी होती, की साळुंख्यांना भोपाळला बढती मिळाली. ट्रक निघाला तेव्हा त्या सोवळ्यात होत्या. दारापर्यंत आल्या, "जपून राहा" म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून ढसाढसा रडल्या. मुली तर रडत होत्याच. साळुंखे लोखंडी कपाटांच्या मध्ये एका स्टुलावर ताठ बसले होते आणि ड्रायव्हरला रस्ता सांगत होते.

दोनेक वर्षांनी कामानिमित्त मला भोपाळला जावं लागलं. कचेरी एका जुन्या इमारतीत भरत होती. व्हरांड्यात इंदूरचे, नागपूरचे, रीव्याचे, भोपाळचे लोक आपापल्या हिंदीत एकमेकांना फाइली कुठे आहेत ते विचारत होते. मी पत्ता विचारायला थांबले तर समोरून साळुंखे आले. कानशिलं पांढरी झाली होती. हातात हनुवटीपर्यंत फाइली, त्यामुळे सलाम करता येईना. म्हणून त्यांनी टाचा तेवढ्या जुळवल्या. मला इतका आनंद झाला की मी भर व्हरांड्यात मोठ्याने हसले.

एका खोलीत तिघे राहत होते, एक नागपूरचा, एक रीव्याचा आणि हे. "जेवणाचं काय करता?" मी विचारलं.

"एक स्टोव्ह आहे. रॉकेलचा. त्याच्यात काही करण्यासारखं नाही," ते जरा खट्टू होऊन म्हणाले. मग फाइलींच्या वरून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "मुली किती आहेत आता?"

"बावन्न."

"जेवतात?"

"जेवतात."

"दोन्ही वेळ?"

"दोन्ही वेळ, साळुंखे."

वर कुठेतरी साहेबांची घंटी वाजली. साळुंख्यांनी फाइली छातीशी घट्ट धरल्या, "साहेब बोलावून राहिलेत," म्हणाले, आणि पंचावन्नाव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या एकदम घेत जिना चढून गेले.